मुळा, सुरी आणि डावा हात

‘‘जपानला जाऊन तुम्ही काय पाहिलंत?’’ असे कुणी विचारले की मी ‘‘मुळा’’ असे उत्तर देते. विचारणाऱ्याला वाटते, बाई थट्टा करताहेत. पण त्यात थट्टा नाही. फुजियामा मला दिसला नाही, कारण मी थेट ओसाकाला उतरले आणि ओसाकाहून तो दिसत नाही. चेरीची फुले एप्रिलच्या पूर्वार्धातच गळून गेली होती, आणि आमच्या कॉलेजची सुट्टी पडते मे महिन्यात. फुलांनी विद्यापीठाच्या परीक्षा उरकेपर्यंत थांबावे, अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे. देवळे पाहिली, बागा पाहिल्या, एक किल्ला पाहिला. पण डोळे मिटले की समोर येतो तो हातभर लांबीचा पांढराशुभ्र मुळा, आणि त्याच्यामागे शांतपणे उभे असलेले सत्तरी उलटलेले एक गृहस्थ.

ही गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे ओसाकाला आहे. ‘‘आत्याला आणा’’ असा त्याच्या मुलाचा धोशा होता, म्हणून गेले. माझी भावजय हौशी. तिने मला न विचारता एका स्वयंपाकवर्गात दोन जागा राखून ठेवल्या होत्या, एक माझी आणि एक तिची. सुरीला धार कशी लावावी, ती धरावी कशी, भाजी चिरावी कशी आणि चिरलेल्या भाजीचे पुढे काय करावे, असा चार तासांचा तो अभ्यासक्रम. मी मासे खात नाही हेही तिने आधीच कळवून ठेवले होते. मी ऐकूनच गार झाले. इतर कुठलाही वर्ग चालला असता. फुले मांडायचा, कागदाचे पक्षी करायचा, अगदी कुस्तीचासुद्धा!

कारण सांगायचे तर जरा मागे जावे लागेल.

मी जन्माने डावखुरी. साताऱ्याच्या आमच्या घरात हे फार लवकर लक्षात आले आणि त्याचा बंदोबस्तही लवकर झाला. मी जेवायला बसले की आई माझा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात अडकवून ठेवी. पाटीवर डाव्या हाताने ‘ग’ काढला की तो पुसून उजव्या हाताने पुन्हा काढायचा. आईला दुष्ट म्हणता येणार नाही. तिने मला कधी मारले नाही, रागावलीसुद्धा नाही. ‘‘हात आत घे’’ एवढेच म्हणायची. ‘‘उद्या सासरी पंगतीत डाव्या हाताने वाढायला लागलीस तर लोक मला विचारतील’’ हे तिचे कारण, आणि त्या काळी ते कारण पुरेसे होते. मी शिकले. आज मी उजव्या हाताने लिहिते, जेवते, फळ्यावर खडू चालवते. विद्यार्थ्यांना कधी शंकाही आली नाही.

पण विळी मात्र जमली नाही ती नाहीच. विळीवर बसले की दोन्ही हातांचे आपापसांत भांडण सुरू होई. उजवा पुढे जाई, डाव्याला ते पटत नसे. बोटे कापत, फोडी वेड्यावाकड्या पडत. लग्नानंतर पुण्यात ओटा आला, सुरी आली, पण हात तेच होते. माझ्या जावांच्या चार भाज्या चिरून होईपर्यंत माझी एक होई. मग हळूहळू माझ्याकडे फक्त निवडायची कामे येऊ लागली. ‘‘तिला द्या मेथी, ती कॉलेजात शिकवते’’ असे कौतुकाने म्हटले जाई. त्या कौतुकाचा अर्थ मला चांगला कळत असे. आमच्या घरी तर ‘ह्यां’चे वाक्यच ठरलेले आहे, ‘‘आज भाजीत सर्व आकारांना योग्य प्रतिनिधित्व मिळालेलं दिसतंय.’’ वीस वर्षे मी ह्या विनोदाला हसत आले आहे.

तेव्हा परमुलखात जाऊन, पैसे भरून, अनोळखी माणसांसमोर भाजी चिरायची ही कल्पना मला कशी वाटली असेल ते समजा. त्यातून आयत्या वेळी भावजयीला कचेरीचे काम निघाले आणि तिच्या जागी दुभाष्या म्हणून माझा बारा वर्षांचा भाचा आला. जपानात मेच्या आरंभी सलग सुट्ट्या असतात, त्यामुळे तो मोकळाच होता. भाचा जपानी शाळेत जातो. त्याची जपानी भाषा अस्खलित आणि मराठी अशी की तिच्यात सुरी ‘आला’ आणि मुळा ‘गेली’. जपानी भाषेत नामांना लिंगच नाही, त्याला बिचाऱ्याला कुठून सुधरणार? मी मराठीची प्राध्यापिका. जिभेच्या टोकावर आलेल्या दुरुस्त्या गिळत गिळत मी त्याच्याबरोबर निघाले.

वर्ग होता साकाई गावात. ओसाकाच्या तेन्नोजी भागातून एका डब्याची ट्राम निघते, ती घरांच्या परसदारांना खेटून, लोकांचे वाळत घातलेले कपडे पाहात यामातो नदी ओलांडते आणि साकाईत शिरते. पाच मेच्या बालदिनाचे कापडी मासे घरांवर फडफडत होते. साकाई हे एके काळी व्यापाऱ्यांचे श्रीमंत बंदर. चहापानाच्या विधीला ज्याने आजचे रूप दिले तो सेन नो रिक्यू १५२२ साली इथेच जन्मला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात तंबाखू आणली, लोकांना ती आवडली, आणि पाने चिरायला सुऱ्या हव्या झाल्या. लोहार साकाईत होतेच. पुढे तोकुगावा राजवटीत साकाईच्या तंबाखूच्या सुऱ्यांवर सरकारी शिक्का उमटू लागला आणि गावाचे नाव देशभर झाले. जपानी भाषेत तंबाखूला ‘ताबाको’ म्हणतात आणि पावाला ‘पान’. आपला पावही त्याच पोर्तुगीज भट्टीतला. गोव्याहून निघालेला सेंट झेवियर १५४९ साली जपानला पोचला होता, हे आठवले की हे शब्दांचे चुलतनाते फारसे नवलाचे वाटत नाही. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे पावभाजी अर्धा जपानी आहे?’’ मी ‘अर्धी’ एवढीच दुरुस्ती केली. बाकी सोडून दिले.

ट्रामच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत एका जुन्या लाकडी घरात वर्ग भरत होता. आम्ही सहाजण. एक ऑस्ट्रेलियन जोडपे, तैवानहून आलेल्या दोघी बहिणी, मी आणि माझा दुभाष्या. गुरुजी म्हणजे पन्नास वर्षे उपाहारगृहांत काम करून निवृत्त झालेले आचारी. त्यांचे नाव इथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही असे वाटते. सगळे त्यांना ‘सेन्सेई’ म्हणत, म्हणजे गुरुजीच. पांढरा अंगरखा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, बोलणे मोजके. त्यांनी आम्हाला आधी वाकून नमस्कार केला आणि मग सुऱ्या मांडल्या.

मासे तोडायची ती जाड, वजनदार ‘देबा’. कच्च्या माशाचे काप काढायची ती विलोच्या पानासारखी लांब, निमुळती ‘यानागिबा’. भाजीची ती चौकोनी, पातळ ‘उसुबा’. आणि घरोघरच्या बायकांची ती ‘सांतोकु’, म्हणजे तीन गुणांची, मासा, मांस, भाजी तिन्ही कापणारी. ही सांतोकु मात्र अलीकडची, विसाव्या शतकाच्या मध्याची. पहिल्या तिघींची गंमत अशी की त्यांना एकाच अंगाने धार असते. उजवे अंग उतरते आणि डावे अंग सपाट, किंबहुना किंचित पोकळ. त्यामुळे काप पात्याला चिकटत नाही, सुटून पडतो. पाते घडवताना मऊ लोखंडाच्या पाठीवर कठीण पोलादाचा पापुद्रा तापवून, ठोकून जोडतात. नुसते पोलाद ठिसूळ, नुसते लोखंड बोथट. साकाईत घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. एकाच सुरीवर तीन घरांचा हात फिरतो.

सुरीला जपानीत ‘होचो’ म्हणतात. ह्या शब्दाची कुळकथा भावाने संध्याकाळी सांगितली आणि मी खूष झाले, कारण ती थेट वाङ्मयातून आली आहे. च्वांग-त्झु ह्या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात एक आचारी आहे. तो बैल इतक्या सहज सोडवतो की राजा थक्क होतो. साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला बदलतो, ह्याची एकोणीस वर्षे झाली तरी नवी, कारण तो हाडावर घाव घालतच नाही, सांध्यातली मोकळी जागा शोधतो. त्या आचाऱ्याच्या नावावरून जपानात सुरीचे नाव पडले. माणसाचे नाव हत्याराला मिळाल्याचे दुसरे असे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

पहिला तास धारेचा. सहाणेसारखा दगड पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे येणे थांबले की काढायचा. आधी हजार नंबरचा खरबरीत दगड, मग सहा हजारचा गुळगुळीत. घरगुती दुधारी सुरीचे पाते दगडावर साधारण पंधरा अंशांत तिरके धरायचे. हे पंधरा अंश ओळखायचे कसे? गुरुजींनी पात्याच्या पाठीखाली दोन नाणी सरकवली. ‘‘एवढं.’’ मग पुढे-मागे, पुढे-मागे. घाई नाही, जोर नाही. थोड्या वेळाने दगडावर राखाडी चिखल जमतो. मी स्वच्छतेच्या सवयीने तो धुवायला गेले तर गुरुजींनी हात आडवा केला. धारेचे निम्मे काम तो चिखलच करतो म्हणे. त्या चिखलाला जपानी कारागीर जे नाव देतात ते ऐकून भाचा खो खो हसू लागला आणि भाषांतर करीना. पुष्कळ खोदून विचारल्यावर त्याने कानात सांगितले. दिवाळी अंकात छापण्याजोगा तो शब्द नाही. दगडाने पोटातून टाकलेले, एवढेच म्हणते.

एक बाजू पुरती घासली गेली की धारेच्या दुसऱ्या अंगाला एक केसासारखी खरखर वळते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. तिचे नाव ‘काएरी’. भाच्याने भाषांतर केले, ‘‘घरी परत येणं.’’ ती आली म्हणजे धार तिथवर पोचली, मग पाते उलटायचे. मी आमच्या पुण्याच्या धारवाल्याचे वर्णन केले. सायकल उभी करून पायटा मारणारा, गर्रकन फिरणारे चाक, ठिणग्यांचा फवारा. लहानपणी त्या ठिणग्या पाहायला आम्ही वाड्याच्या दारात धावत असू. गुरुजींनी लक्षपूर्वक ऐकले आणि सायकलचे कौतुक केले. साकाई हे सायकलींचेही गाव आहे. मग हळूच म्हणाले, ‘‘ठिणगी उडते तेव्हा पोलाद भाजतं. भाजलेल्या पोलादाची धार टिकत नाही.’’ तरीच आमच्या सुऱ्या महिन्याभरात पुन्हा बोथट! पण ठिणग्यांचे सुख काही दगडाला नाही, हेही खरे.

मग भाजी चिरण्याचे प्रकार. इथे माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली. आपण चिरतो, कापतो, सोलतो, तासतो, किसतो, खवतो, खुडतो. आपली क्रियापदे श्रीमंत. जपानी माणूस आकारांची नावे ठेवतो. अर्धी चकती ती ‘अर्धचंद्र’. पाव चकती ते ‘गिंकोचे पान’. बारीक चौकोनी तुकडे ते ‘फाशाचे डोळे’. पातळ आयताकृती पट्टी तिला म्हणायचे ‘तांझाकु’, म्हणजे कविता लिहायची कागदाची उभी पट्टी! गाजराच्या कापाला कवितेच्या कागदाचे नाव देणाऱ्या भाषेपुढे मी मनातल्या मनात हात जोडले. आणखी एक. ओसाकाकडे कच्च्या माशाच्या कापांना ‘साशिमी’ न म्हणता ‘त्सुकुरी’, म्हणजे ‘रचलेले’, असे म्हणायची रीत आहे, कारण ‘साशि’मध्ये भोसकण्याचा अर्थ येतो आणि तो ताटात नको. हे ऐकून मला परक्या घरात आल्यासारखे वाटेना. आपण नारळ वाढवतो, बांगडी वाढवतो, दिवा मालवत नाही, शांत करतो. अशुभ शब्द उंबऱ्याबाहेर ठेवायची ही खोड दोन्हीकडची सारखीच.

आणि मग आला मुळा.

‘कात्सुरामुकी’ नावाचा एक प्रकार आहे. मुळ्याचा बोटभर-दीड बोट लांबीचा तुकडा घ्यायचा, तो नीट गोल तासायचा, आणि मग त्याची साल काढावी तसा अख्खा मुळाच उलगडायचा. एकसंध, पातळ, न तुटता, कापडाच्या ताग्यासारखा. ही शेव चिरून तिचे केसांसारखे तंतू करतात. जपानी आचाऱ्यांची उमेदवारी ह्यात जाते. गुरुजींनी करून दाखवले. त्यांच्या हातांतून मुळा नुसता वाहात होता. दोन-अडीच हात लांबीची ती पट्टी त्यांनी वर्तमानपत्रावर अंथरली, आणि खालची अक्षरे भाच्याने वाचून दाखवली.

सगळ्यांना उसुबा दिल्या. मी उजव्या हातात धरली, डाव्यात मुळा. पहिल्याच फेरीला पाते मुळ्याच्या पोटात घुसले. दुसऱ्या फेरीला बाहेर निसटले. तिसऱ्या फेरीला माझ्या डाव्या अंगठ्यावर टेकले. धार आम्हीच लावलेली, तेव्हा ती चांगली लागली होती ह्याबद्दल वाद नव्हता. गुरुजींनी न बोलता पट्टी बांधली. तैवानच्या बहिणींचे मुळे बऱ्यापैकी उलगडत होते. ऑस्ट्रेलियन गृहस्थ शिट्टी वाजवीत होते. माझ्या पाटावर फोडी होत्या, नेहमीच्याच, सर्व आकारांना प्रतिनिधित्व देणाऱ्या. घसा भरून आला. पंचेचाळिशीतल्या बाईने मुळ्यावरून रडावे हे हास्यास्पद आहे, मला कळत होते. मी तोंड वळवले, आणि कोपराचा धक्का लागून माझा उरलेला मुळा ओट्यावरून घरंगळला.

तो जमिनीवर पडला नाही. मी तो झेलला. डाव्या हाताने.

गुरुजी पाहात होते. ते भाच्याला काहीतरी म्हणाले. भाचा डोळे मोठे करून मला म्हणाला, ‘‘आत्या, तू डावा आहेस?’’

ह्या वेळी मी दुरुस्ती केली नाही. ‘‘होते,’’ म्हणाले, ‘‘लहानपणी.’’

भाच्याने ते कसे सांगितले कोण जाणे. गुरुजी किंचित हसले. ते बोलले ते मी भाच्याच्या मराठीतून जसे समजले तसे सांगते. तेही लहानपणी डावे होते. घरात चॉपस्टिक आणि कुंचला उजव्या हातात दिला. पंधराव्या वर्षी उपाहारगृहात लागले तिथल्या मुख्य आचाऱ्याने सुरी उजव्या हातात दिली. एकाला एक खेटून पाचजण कापायला उभे राहतात, त्यात एक डावा असला की कोपर शेजाऱ्याला लागते. सुऱ्या उजव्यांच्या, ताटातली मांडणी उजव्यांची. ‘‘चेंडू मात्र अजून डाव्यानंच फेकतो,’’ असे म्हणून त्यांनी फेकून दाखवल्यासारखे केले.

मग त्यांनी विचारले, ‘‘तुम्हाला कुठल्या हातानं शिकायचंय?’’

मला हे आजवर कुणी विचारले नव्हते. मी उत्तर देण्याआधीच माझ्या हाताने दिले असावे, कारण ते आत गेले आणि कापडात गुंडाळलेली एक उसुबा घेऊन आले. तिचे उतरते अंग डावीकडे होते. मी आरशात पाहिल्यासारखी तिच्याकडे पाहात राहिले. एकाच अंगाची धार असली की सुरीला हात असतो. उजव्याची सुरी डाव्याला उलटी जाते, वाट सोडते. डाव्यांसाठी पाते मुद्दाम उलट्या बाजूने घासावे लागते. अशा सुऱ्या थोड्या होतात आणि महाग पडतात. विळीला मात्र, विचार केला तर, डावे-उजवे जवळजवळ नसतेच. पाते मधोमध उभे आणि दोन्ही हातांनी भाजी त्याच्यावर न्यायची. ते डावे-उजवे विळीजवळ उभे राहून पाहणाऱ्यांना होते.

‘‘ही कुणाची?’’ भाच्याने आगाऊपणे विचारले.

‘‘माझी,’’ गुरुजी म्हणाले. नोकरी सुटली त्या वर्षी त्यांनी ती करवून घेतली होती.

‘‘मग तुम्ही हिनं का नाही कापत?’’

‘‘रात्री कापतो. सगळे गेल्यावर.’’

भाषांतर करताना भाच्याचा आवाज उतरला होता. तो पुढे काही विचारीना.

डाव्या हातात सुरी, उजव्यात मुळा. ‘‘सुरी पुढे ढकलू नका,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘तिला जागेवर वर-खाली हलती ठेवा. मुळ्याला तिच्याकडे येऊ द्या.’’ म्हणजे विळीच की! पाते स्थिर आणि भाजी चालती. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात आई तेच म्हणायची, ‘‘अगं, तो तिच्याकडे सरकव, तिला काय पाय आहेत?’’ मी सरकवला. पट्टी निघाली ती पापडाएवढी जाड, कडेला दातेरी, जेमतेम वीतभर, आणि तुटली. पुन्हा. ह्या खेपेला वीत आणि चार बोटे. तिच्यातून वर्तमानपत्र तर सोडाच, दिवाळीतली पणतीसुद्धा दिसली नसती. पण ती एकसंध होती. भाच्याने तिला मोजले, फोटो काढला आणि आईला पाठवला. बोटे कुठेही भांडली नाहीत.

ह्यानंतरचा स्वयंपाक थोडक्यात सांगते. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’. आपल्या पुरणाच्या कटावर कटाची आमटी उभी राहते, तसा ह्या पाण्यावर त्यांचा सारा स्वयंपाक उभा राहतो. इतरांची दाशी वाळवलेल्या बोनितो माशाच्या कीसाची होती. माझ्यासाठी गुरुजींनी बौद्ध मठांतल्या रीतीची कोंबू आणि सुक्या शिताके अळंबीची केली. कोंबू म्हणजे समुद्रातले रुंद, चामड्यासारखे शेवाळ. ते येते उत्तरेकडच्या होक्काइदोहून. पूर्वी गलबतांनी ओसाकाला येई. लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम. त्याच्यावरची पांढरी भुकटी धुवायची नाही, ती चव आहे. मंद आचेवर तापवायचे आणि उकळी फुटण्यापूर्वी बाहेर काढायचे, नाहीतर बुळबुळीत आणि उग्र होते. ह्याच कोंबूतून तोक्योच्या इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी १९०८ साली ‘उमामी’ ही पाचवी चव वेगळी काढून दाखवली. आमच्या षड्रसांत ती कुठे बसवायची हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. मला ती गोड्या आमटीच्या जवळची वाटली. पहिला घोट फिका लागतो, तिसऱ्या घोटाला वाटी खाली ठेववत नाही.

मुळ्या-गाजराचे तंतू मिठात चुरून, पिळून, तांदळाच्या शिरक्यात थोडी साखर घालून मुरवले. हे ‘नामासु’ तिकडे नववर्षाला करतात, कारण लाल-पांढरा हा त्यांचा मंगल रंग. खाताना माझा जीव दाण्याच्या कुटासाठी आणि जिऱ्याच्या फोडणीसाठी कासावीस झाला हे कबूल करते. पण मुळ्याचा प्रत्येक तंतू वेगळा लागत होता आणि त्यांतले काही माझे होते. जाड असलेले.

निघताना मी गुरुजींची सुरी पुसून, कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी परत केली. पुसण्यात कसूर करायची नाही, ह्या पोलादाला पाण्याच्या एका थेंबाने गंज चढतो. त्यांनी तीही दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी भावाने सगळे ऐकले आणि म्हणाला, ‘‘आमच्या ऑफिसात एखाद्याची आडगावी बदली करून पाय कापतात ना, त्याला जो शब्द आहे त्याचा अर्थच ‘डावीकडे हलवणं’.’’ मी म्हटले, ‘‘त्यात काय, आपलं ‘डावलणं’ कुठून आलं?’’ मग आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो. लहानपणी तो माझ्या शेजारच्या पाटावर जेवायला बसे. फ्रॉकच्या पट्ट्यातला हात त्याने पाहिलेला होता.

गेल्या दिवाळीला तो आला, मुलाला शाळेतून सुट्टी काढून घेऊन आला. भाऊबीजेला मी त्याला ओवाळले आणि त्याने ताटात एक लांबट लाकडी पेटी ठेवली. मेमध्ये मी परतल्यावर त्याने साकाईला जाऊन सांगून ठेवले होते, ती सुरी ऑक्टोबरात तयार झाली. डाव्या हाताची उसुबा. पात्यावर घडवणाऱ्याचा ठसा. किंमत त्याने सांगितली नाही, मी विचारली नाही.

‘‘अरे, धारेची वस्तू ओवाळणीत घालतात का?’’ आई म्हणाली. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि आमच्याकडेच असते. ‘‘नातं तुटतं अशानं.’’

जपानातही हा समज आहे आणि त्याला तोडही आहे. भाचा तयारीने आला होता. त्याने खिशातून मध्ये भोक असलेले पिवळे पाच येनचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवले. ‘‘आत्या, हा बाबांना दे. म्हणजे तू सुरी विकत घेतला. पाच येन म्हणजे ‘गो-एन’. ‘गो-एन’ म्हणजे नातं पण.’’ मी भावाला पाच येन दिले. व्यवहार पुरा झाला.

आईने चष्मा पुसला. ‘‘चिरून दाखव बघू,’’ म्हणाली.

घरात मुळा होता. टेबलाशी बसले, उजव्या हातात मुळा धरला आणि डाव्या हातात सुरी घेतली. हात क्षणभर थांबला. पंचेचाळीस वर्षांची सवय आईसमोर अशी एकाएकी सुटत नाही. मग मुळा सरकू लागला. सहा महिने मी साध्या सुरीवर रोज रात्री सराव केला होता, सगळे निजल्यावर. पट्टी निघत होती, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू लागली होती. ‘हे’ वर्तमानपत्र बाजूला ठेवून पाहात होते आणि पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचत नव्हता. आई खुर्ची ओढून जवळ आली. माझ्या डाव्या हाताकडे ती बराच वेळ पाहात राहिली. मग तिने पट्टीचे टोक उचलून दोन बोटांत धरले, उजेडाकडे केले, आणि म्हणाली,

‘‘जाड होतंय. अजून पातळ काढ.’’